हुल्दाबाईचं एक वर्ष

खडकओहोळहून बैलगाडीनं नगरला निघालेला माणूस वाटेत एक मुक्काम करायचा, त्या काळातली ही गोष्ट. गावाच्या नावात ओहोळ आहे, पण ओहोळात तेव्हाही पाण्यापेक्षा खडकच जास्त होता. पाऊसकाळ संपला की ओहोळ संपला. मग बायांनी वाळूत झिरे उकरायचे आणि वाटी-वाटीनं घागर भरायची.

गावाच्या उगवतीला ख्रिस्ती वस्ती होती. मोजकी घरं, मातीच्या भिंतींचं प्रार्थनामंदिर आणि मंदिरासमोर एक उंबर. तो उंबर एवढा मोठा होता की सगळी मंडळी सावलीत बसली तरी पाटलाच्या म्हशींना जागा उरायची, असं म्हणतात. मंदिराला मनोरा नव्हता, म्हणून मिशनकडून आलेली घंटा उंबराच्याच फांदीला टांगली होती. रविवारी घंटा वाजली की पिकलेली उंबरं टपाटप खाली पडायची आणि पोरं उपासनेआधी खिसे भरून घ्यायची.

झाड मात्र मंदिराहून जुनं होतं. वस्तीतल्या आज्या-पणज्यांनी बाप्तिस्म्याआधी त्याला फेऱ्या घातल्या होत्या, सूत गुंडाळलं होतं. बाप्तिस्म्यानंतर फेऱ्या थांबल्या, सावलीत बसणं चालू राहिलं. "धर्म बदलला, ऊन थोडंच बदललं," असं कासाबाई म्हणायची. ही कासाबाई वस्तीतली म्हातारी सुईण. निम्मी वस्ती तिच्या हातांत जन्मलेली, त्यामुळे ती कुणालाच फारशी भीत नसे.

आणि याच वस्तीत हुल्दा होती. आईबाप लहानपणीच पटकीनं गेलेले. चुलत्यानं वाढवली आणि नगरच्या मुलींच्या शाळेत ठेवली. तिथून ती मास्तरीण होऊन परत आली. उंचीनं वीतभर आणि जिभेनं हातभर, असं तिला लोक म्हणत. चुलत्याचं नाव एलाजार. सगळे त्यांना तात्या म्हणत. मंडळीचा कारभार बघणाऱ्या माणसांना तिथे वडील म्हणतात, आणि तात्या सगळ्या वडिलांत थोरले होते. माणूस सरळ, पण सरळ म्हणजे पहारीसारखा. त्यांचं हसू म्हणजे उंबराचं फूल. असतं म्हणे, पण पाहिलेलं कुणी नाही.

"पोरीला शिकायला पाठवली ती खरंच शिकून आली, एवढीच माझी चूक," असं तात्या लोकांना सांगत. त्यात तक्रार किती आणि अभिमान किती, ते त्यांनाही माहीत नसावं.

एका उन्हाळ्यात कासाबाईची लेक बाळंतपणात अडली. गावच्या सगळ्या लेकी सोडवणाऱ्या कासाबाईला आपली लेक सोडवता येईना. पोर शेवटी झालं, दोघंही वाचली. पण रविवारी घंटा वाजवायला गेलेल्या माणसाला उंबराच्या खोडाभोवती लाल दोरा दिसला.

मंदिरात तात्यांनी तो दोरा सगळ्यांसमोर उंच धरला.

"कुणाचा हा?"

"माझा," कासाबाई बसल्या जागेवरून म्हणाली.

"बाप्तिस्मा झालेली बाई तू. झाडाला दोरा बांधलास?"

"झाडाला कुठं, तात्या. लेकीच्या काळजीला बांधला. झाड आपलं हाताशी होतं."

बायांच्या बाजूला पदराआड खसखस पिकली. तात्या हसले नाहीत. त्यांनी कासाबाईला प्रभुभोजनाच्या, म्हणजे मंदिरात भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस वाटतात त्या पंक्तीतून बाहेर काढलं आणि मग म्हणाले, "उंबर उभा आहे तोवर आपला विश्वास अर्धाच राहणार. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानं सांगून ठेवलंय, झाडांच्या मुळाशी कुऱ्हाड ठेवलेली आहे. पुढच्या रविवारी उंबर पडेल. त्याच्या लाकडाचं या मंदिराला व्यासपीठ होईल."

तेव्हा हुल्दा उभी राहिली. ती उभी राहिली आहे हे लोकांना कळायलाच थोडा वेळ लागला.

"तात्या, योहान ते झाडांना बोलला नव्हता. परूश्यांना बोलला होता. आपल्या मोठेपणावर मांडी घालून बसलेल्या वडीलमाणसांना."

सगळे वडील एकदम खाकरले.

"बायांनी मंडळीत गप्प राहावं, हेही शास्त्रातच आहे," तात्या म्हणाले.

"शास्त्रात झाडं बोलतात. त्यांना मुभा आहे आणि मला नाही? योथामाची गोष्ट आठवा. झाडं राजा शोधायला निघाली. जैतून म्हणालं, मला तेल द्यायचंय, वेळ नाही. अंजीर म्हणालं, मला फळ द्यायचंय. द्राक्षवेल म्हणाली, मला रस द्यायचाय. शेवटी काटेरी झुडूप तेवढं म्हणालं, मी होतो राजा, या माझ्या सावलीला."

"मग?"

"मग काही नाही. काटेरी झुडपाची सावली केवढी असते, ते बाहेर जाऊन बघा."

पुढचा रविवार आला. दगडू सुतार कुऱ्हाड घेऊन आला आणि वर बघून थांबला. हुल्दा उंबरावर होती. घंटेचा दोर तिनं वर ओढून घेतला होता. दगडूनं कुऱ्हाड उचलली की ती घंटा वाजवी. घंटा वाजली की वस्ती धावत येई, आणि थोड्या वेळानं आसपासच्या गावांतली माणसंही काय पेटलंय ते बघायला येऊन पोचली.

ती झाडावर किती वेळ होती, याबद्दल एकमत नाही. कुणी म्हणतं दिवेलागणीपर्यंत, कुणी म्हणतं अर्धा चंद्र पुरा होईपर्यंत. उंबरानं तिच्यासाठी हंगाम सोडून फळ पिकवलं, असं म्हणतात. पोपट तिला भाकरी नेऊन देत, असंही म्हणतात. भाकरी पोपटांनी नेली की कासाबाईनं, यावर वाद आहे. पण कासाबाई मरेपर्यंत पोपटच म्हणत राहिली.

वरून हुल्दा गोष्ट सांगत होती. जमलेल्यांत हिंदू होते, मुसलमान होते, आणि गोष्ट सगळ्यांनीच ऐकली.

"जक्कय नावाचा जकातदार होता. ठेंगणा, माझ्यासारखा. प्रभू गावात आला तेव्हा गर्दीतल्या उंच माणसांनी त्याला पुढं जाऊ दिलं नाही. मग तो झाडावर चढला. कुठल्या झाडावर? पिंपळावर? बाभळीवर? उंबरावर, तात्या. आपल्याच शास्त्रात लिहिलंय, उंबरावर. आणि प्रभू त्या उंबराखाली येऊन उभा राहिला. त्यानं कुऱ्हाड नाही मागवली. त्यानं वर बघितलं. तुम्ही सकाळपासून झाडाखाली उभे आहात, पण वर बघितलंत का एकदा तरी?"

आता तात्यांनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"पोरी, तू म्हणतेस ते खरं. प्रभूनं वर बघून हाक मारली. मग जक्कयानं काय केलं?"

हुल्दानं घंटेचा दोर घट्ट धरला.

"सांग की. मास्तरीण आहेस."

"घाईनं खाली उतरला."

"मग मीही हाक मारतोय. हुल्दे, खाली उतर. आज घरी जेवू."

हुल्दाला उत्तर सुचलं नाही असं नाही. पण शास्त्राचा जो धागा धरून ती वर चढली होती, त्याच धाग्यानं तिला खाली बोलावलं होतं, आणि तो तोडायचा तर तिच्या बोलण्याला अर्थ उरत नव्हता. ती उतरली. काकूनं पिठलं-भाकरी वाढली. तात्या शेजारी बसून जेवले. हुल्दा थकून भिंतीला टेकली ती तिथेच झोपली.

उजाडता उजाडता कुऱ्हाडीच्या आवाजानं तिला जाग आली. धावत पोचली तेव्हा उंबर आडवा झाला होता. खोडातून पांढरा चीक वाहत होता. घंटा मातीत पडली होती.

"तुम्ही हाक मारली होती, तात्या."

"मारली होती. झाड राखीन असं म्हणालो नव्हतो."

हे बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते.

दगडू सुतारानं आधीच सांगितलं होतं, "उंबराचं लाकूड दारखिडकीला चालत नाही. ते पाण्यात टिकतं, कोरड्यात नाही." तात्यांनी ऐकलं नाही. व्यासपीठ झालं. दगडूनं उरलेले ओंडके गुपचूप ओहोळाच्या ओल्या वाळूत खोल पुरून ठेवले. पावसाळा गेला आणि एका रविवारी भाषणाच्या भरात तात्यांनी व्यासपीठावर मूठ आपटली. व्यासपीठ आतून किड्यानं पोखरलं होतं. भुशाचा लोट उठला आणि तात्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या. खडकओहोळच्या मंदिरात त्या दिवशी पहिल्यांदा सगळी मंडळी मिळून हसली, असं म्हणतात.

उंबर पडल्याचा एकच फायदा झाला. सावली गेली तशा वडिलांच्या बैठका आटोपशीर झाल्या.

पण त्या हसण्याचा राग तात्यांनी जमिनीत उरलेल्या खोडावर काढायचं ठरवलं. उपकारस्तुतीचा रविवार आला. त्या दिवशी शेतातलं नवं धान्य देवापुढे ठेवतात, नगरहून पाळकसाहेब येतात. तात्या सगळ्यांसमोर म्हणाले, "खोडही मुळासकट काढायचं. उद्याच."

हुल्दा उठली. या वेळी ती सरळ पाळकसाहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, मळ्यात अंजिराचं झाड होतं. मालक फळ बघायला आला आणि दरसाल रिकाम्या हातानं गेला. म्हणाला, तोडून टाका. तेव्हा माळी काय म्हणाला?"

पाळकसाहेब म्हणाले, "एवढं एक वर्ष राहू द्या. मी भोवती खणीन, खत घालीन."

"मी एक वर्ष मागते."

पाळकसाहेबांनी तात्यांकडे बघितलं. "एलाजार, तिनं शास्त्राप्रमाणे मागितलंय. नाही म्हणता येणार नाही."

"दिलं," तात्या म्हणाले. "पण पुढच्या उपकारस्तुतीपर्यंत फुटलं नाही, तर खोड जाईल आणि हीही जाईल. शाळेला नगरहून दुसरा मास्तर आणू. रोज उठून वडीलमाणसांना धडे देणारी मास्तरीण मंडळीला परवडत नाही."

"मंजूर," हुल्दा म्हणाली. दाराबाहेरून ऐकणाऱ्या कासाबाईनं कपाळाला हात लावला.

आणि नेमक्या त्याच वर्षी पाऊस आला नाही. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला, ढग डोंगरापलीकडे जाऊन रिते झाले. झिऱ्यांना तळ लागला. माणसांना प्यायला नाही तिथे खोडाला पाणी घालणार कोण? हुल्दानं खोडाभोवती आळं केलं, शेणखत घातलं, आणि तोंड धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी आळ्यात ओतायला लागली. कासाबाई बाजरी धुतलेलं पाणी आणून ओतायची. प्रभुभोजनाची पंक्ती तिला अजून बंदच होती. उपासना चालू असताना ती बाहेर खोडापाशी बसून असायची. हळूहळू इतर बायाही पदराआड तांब्या लपवून यायला लागल्या. बाप्यांना वाटायचं, टंचाई आहे म्हणून घरात पाणी कमी मिळतं.

जाणारा-येणारा टोमणा मारायचा. "काय बाई, खोडाला बाराखडी शिकवताय का?"

"शिकवतेय. तुमच्यापेक्षा लवकर शिकेल."

शाळा ती आता खोडाभोवतीच भरवायची. सांगायची, मोहरीचा दाणा बघा, नखावर ठेवला तर दिसत नाही, आणि त्याच्या झाडावर पाखरं घरं करतात. सांगायची, इशायाचं घराणं बुंध्यापर्यंत तोडलं होतं, आणि धुमारा त्याच बुंध्यातून फुटला. सांगायची, ईयोबाचं सगळं गेलं होतं, लेकरं, गुरं, अंगाची कातडीसुद्धा. तरी तो म्हणाला, झाडाला आशा असते, तोडलं तरी पाण्याच्या वासानं ते पुन्हा फुटतं.

एका पोरीनं विचारलं, "पण बाई, हे तर वाळलेलं दिसतंय."

"हिरवं झाड बघून हिरवं म्हणणं याला विश्वास म्हणत नाहीत. ते शेळीलाही जमतं."

असं ती बोलायची. पण उपकारस्तुती तोंडावर आली तेव्हा एका संध्याकाळी कासाबाईला ती खोडाला कान लावून बसलेली दिसली.

"काय ऐकू येतं का गं?"

"नाही."

"मग रडतीस कशाला?"

"वर्ष संपलं, कासामावशी."

"ते तुझं आणि तात्याचं," कासाबाई म्हणाली. "झाडाला पंचांग वाचता येत नाही. पोट धरून बसलेल्या बाईला मी कधी तारीख सांगितली नाही. हात धुऊन तयार राहायचं, बस."

उपकारस्तुतीचा रविवार उजाडला. देवापुढच्या ताटात मूठमूठ बाजरी होती, तीही जुनी. उपासना झाली आणि सगळे बाहेर आले. खोड होतं तसंच होतं, काळं आणि कोरडं. हुल्दाचं गाठोडं शाळेच्या पायरीवर बांधून तयार होतं.

तात्यांनी कुदळ दुसऱ्या कुणाला दिली नाही. अंगरखा काढून ते स्वतः खणायला लागले. कमरेइतकं खणलं, छातीइतकं खणलं. मूळ सरळ खाली जात होतं. उकरलेल्या मातीचा ढीग वाढत गेला आणि त्या ढिगावर हुल्दा उभी होती. आता खड्ड्यातले तात्या खाली होते आणि ती वर.

अचानक कुदळीचा आवाज बदलला. खण् खण् वाजत होतं ते थप् झालं.

तात्या वाकले. खड्ड्यात काय आहे ते वरून कुणाला दिसत नव्हतं, त्यांचीच पाठ आड येत होती. त्यांनी मूळ चाचपलं. मुळाच्या बगलेत, मातीच्या आत, एक कोंब होता, बाळाच्या बोटासारखा पांढरा. भोवतालची माती ओली होती. सगळ्या पंचक्रोशीत ज्या वर्षी ओल म्हणून नव्हती, त्या वर्षी उंबराच्या मुळाशी ओल होती.

कुदळीचा एक घाव घातला असता तर कोंब गेला असता. वर माती लोटली असती तर ओल झाकली गेली असती. कुणाला कळलं नसतं, आणि हुल्दा नगरच्या वाटेला लागली असती. तात्या खड्ड्यात किती वेळ वाकून राहिले, ते लोक अजून सांगतात. मग त्यांनी मूठभर चिखल उचलला, पाठ सरळ केली आणि वर बघितलं.

"हुल्दे."

"काय, तात्या?"

"मागं तुला हाक मारली ती खोटी होती. ही खरी आहे. खाली ये, बघ." आणि ती ढिगावरून उतरायच्या आत ते मंडळीकडे वळून म्हणाले, "एक वर्ष राहू द्या. मी भोवती खणीन, मी खत घालीन."

तात्यांच्या हातातल्या चिखलातून तेव्हा पाणी ठिबकायला लागलं, असं म्हणतात. आणि ते बोलत असतानाच त्यांच्या घोट्यांना पाणी लागलं, मग गुडघ्यांना. कासाबाईनं ओरडून त्यांना वर ओढायला लावलं, नाहीतर थोरले वडील उभ्या उभ्या दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेते.

त्याच जागी विहीर झाली. तळाशी बसवायची लाकडी चौकट दगडू सुतारानं पुरून ठेवलेल्या उंबराच्या ओंडक्यांची केली. व्यासपीठाला जे लाकूड वर्षभर टिकलं नाही, ते विहिरीच्या तळाशी अजून आहे. पुढच्या प्रभुभोजनाला तात्यांनी पहिला तुकडा कासाबाईच्या हातावर ठेवला. ती म्हणाली, "भाकरी पोपटानं आणली का रं तात्या?" आणि तात्या हसले. पाहणारे पुष्कळ होते, म्हणून यावर वाद नाही.

हुल्दाबाई त्या शाळेत म्हातारी होईपर्यंत होती. तिच्या देखत विहिरीच्या काठी लावलेल्या त्या कोंबाचा नवा उंबर वाढला आणि घंटा पुन्हा त्याच्या फांदीला गेली. ती गेली त्या पहाटे वारा नसताना घंटा वाजली, असं म्हणतात.

खडकओहोळला आजही उपकारस्तुतीच्या रविवारी एक रिवाज आहे. शाळेतली सगळ्यात ठेंगणी मुलगी उंबराच्या खालच्या फांदीवर चढून बसते. थोरले वडील खांद्यावर कुदळ घेऊन येतात आणि वर बघून विचारतात, "काढू का?" मुलगी म्हणते, "एक वर्ष राहू द्या." मग तिला एक प्रश्न विचारायचा हक्क असतो, हवा तो. उत्तर मिळेपर्यंत ती उतरत नाही, आणि उत्तर दिल्याशिवाय तिला 'खाली उतर' म्हणायचं नाही, हा नियम तात्यांनीच घालून दिला. वडील आता येताना बसायला सतरंजी घेऊन येतात.

गेल्या साली फांदीवर सलोमी होती, पायात चप्पल, हातात उंबर. तिनं विचारलं, "मंडळीच्या वडिलांत बाई का नाही?"

सतरंजीवर कुजबूज झाली. कुणी शास्त्र उघडलं, कुणी मिटलं. ऊन कलायला लागलं, जेवणं खोळंबली. शेवटी थोरले वडील उभे राहिले, घसा खाकरला आणि वर बघून म्हणाले, "पोरी, एक वर्ष राहू दे."

सलोमीनं उंबर खाऊन संपवलं, हात फ्रॉकला पुसले.

"दिलं," ती म्हणाली. "पण नुसतं बसून राहू नका. भोवती खणा, खत घाला."